शिष्यवृत्तीचा हिशेब प्रवेशाआधी

बारावीचा निकाल लागला की घरात दोन प्रश्न लगेच विचारले जातात. प्रवेश कुठे मिळेल आणि फी किती? तिसरा प्रश्न बऱ्याच उशिरा येतो, आणि तो येतो महाविद्यालयाच्या फीच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर: काही सवलत मिळते का हो? त्या खिडकीमागच्या कारकुनाच्या हातात तेव्हा फारसे काही उरलेले नसते. सवलत मिळणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या बहुतेक गोष्टी तोवर घडून गेलेल्या असतात. प्रवेश कोणत्या वाटेने घेतला, दाखला कोणत्या तारखेचा आहे, आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे का, याच त्या गोष्टी. या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. महाराष्ट्रात पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला किती आर्थिक मदत मिळेल हे त्याच्या गुणांपेक्षा या चार-पाच साध्या गोष्टींवर जास्त ठरते, म्हणून मदतीचा हिशेब महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याआधी व्हायला हवा. कॉलेज आधी ठरवून मग शिष्यवृत्ती शोधणारे घर दरवर्षी हजारो रुपयांना मुकते, आणि ते हजारो रुपये कर्जाच्या रूपाने पुन्हा त्याच घरावर येतात.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या तरच हिशेब जमतो. पहिली शिक्षण शुल्काची माफी किंवा प्रतिपूर्ती. यात विद्यार्थ्याची फी शासन पूर्ण किंवा अर्धी उचलते. दुसरी निर्वाह भत्ता, म्हणजे राहण्या-जेवण्याचा खर्च. तिसरी गुणवत्ता शिष्यवृत्ती, जिची रक्कम ठरलेली असते आणि जिच्यासाठी स्पर्धा असते. चौथी म्हणजे शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची सवलत. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात, केंद्राच्या बऱ्याचशा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि कर्जाच्या सवलतीची वाट बँकेतून जाते. तीन ठिकाणे, तीन वेगळ्या मुदती. बारावीला ऐंशी टक्के पडलेला मुलगा ‘मला मार्क चांगले आहेत, मिळेलच’ म्हणून निवांत राहतो, तेव्हा तो चारांपैकी फक्त तिसऱ्या प्रकाराचा विचार करत असतो. रकमेच्या दृष्टीने पाहिले तर पहिला आणि दुसरा प्रकार त्याहून कितीतरी मोठे आहेत, आणि त्यांत गुणांची यादी लागत नाही.

आता प्रवेशाच्या वाटेकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथेच हातची जाते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आहे, जिला सगळेच ‘कॅप राउंड’ म्हणतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. दोन्हींची अट एकच: प्रवेश शासनाच्या प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला यातला एक रुपयाही लागू होत नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. समजा एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी एक लाख दहा हजार आहे. पावती नीट वाचली तर तिच्यात दोन ओळी दिसतील: शिक्षण शुल्क एक लाख, विकास शुल्क दहा हजार. माफी मिळते ती पहिल्या ओळीला. दुसरी ओळ विद्यार्थ्यालाच भरायची असते, आणि ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून आलेले पालक इथे गोंधळतात. चार लाख उत्पन्नाच्या घरातली, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला असलेली मुलगी कॅपमधून या महाविद्यालयात आली तर तिला वर्षाला दहा हजार भरावे लागतील, चार वर्षांचे चाळीस हजार. त्याच घरातला तिचा भाऊ शाहू महाराज योजनेतून आला तर त्याला साठ हजार, म्हणजे चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. आणि दोघांपैकी कोणीही ‘कॅपच्या पुढच्या फेरीपर्यंत कोण थांबणार, तिकडे जागा भरून जातील’ या घाईत व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर तिथली फी याच दराने धरली तरी चार लाख चाळीस हजार. मुलीच्या बाबतीत एका घाईची किंमत चार लाख रुपये. तिचे गुण, तिचे घर, तिचे उत्पन्न, काहीच बदललेले नाही. बदलली ती फक्त वाट. एवढे समजले की पसंतीक्रम भरताना पाच-सहा महाविद्यालये जास्त टाकण्याचे, शेवटच्या फेरीपर्यंत धीर धरण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे आणि ती सहसा कोणी बोलत नाही. मुलीची फी वर्षाला दहा हजारांवर आली. पण ती परगावी शिकायला गेली आणि खोली, मेस, प्रवास मिळून महिन्याला आठ हजार लागले, तर वर्षातले दहा महिने धरून ऐंशी हजार होतात. फीच्या आठपट! म्हणजे फी माफ झाल्यावर खरा खर्च राहण्या-जेवण्याचा असतो, आणि तो कमी करण्याच्या योजना फीच्या योजनांइतक्याच गंभीरपणे घ्यायला हव्यात. सरकारी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच करायचा असतो. नंतर जागा राहत नाहीत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महसूल विभागीय शहरांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी मदत थेट खात्यात येते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती शाहू महाराज शिष्यवृत्तीला पूरक आहे, म्हणजे एकीत फीचा भाग आणि दुसरीत राहण्याचा. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातला मुलगा पहिल्या योजनेचा अर्ज करतो आणि दुसरीचे नावही ऐकलेले नसते, हे चित्र बदलायला हवे.

अनुसूचित जाती-जमातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या सगळ्यांत जुनी. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तिच्यात शुल्कासोबत निर्वाह भत्ताही मिळतो, आणि उत्पन्न त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची फ्रीशिप आहे. तिच्यातून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. ‘आमचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे, आम्हाला काही नाही’ असे म्हणून अर्जच न करणारी नोकरदार कुटुंबे इथे फसतात.

वाट ठरली की कागद. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जात वैधता प्रमाणपत्र ही नावे प्रत्येकाने ऐकलेली असतात, पण कागद हातात घेऊन कोणी वाचत नाही. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न आहे आणि तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे, हे लिहिलेले असते. प्रवेशाच्या वेळी गेल्या वर्षीचाच दाखला जोडला की अर्ज परत येतो आणि तोवर सेतू केंद्रासमोर रांग लागलेली असते. शेतीचे उत्पन्न दाखवायचे तर सातबारा आणि आठ-अ लागतात, पगार असेल तर फॉर्म १६. हे कागद एप्रिलमध्ये गोळा करणे सोपे आणि जुलैमध्ये अवघड, कारण जुलैमध्ये तालुक्यातले प्रत्येक घर त्याच टेबलापुढे उभे असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार हे दाखले ठरलेल्या मुदतीत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. मुदत उलटली तर त्या पोचेवर अपील करता येते. जात वैधता प्रमाणपत्राचे काम त्याहून लांबते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंदी, वंशावळ शोधायला महिने लागतात. आरक्षित जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने ही फाइल अकरावीतच जिल्हा समितीकडे गेली पाहिजे, असे धरून चालावे. बारावीनंतर धावपळ करणाऱ्यांची जागा आणि सवलत दोन्ही एकदम धोक्यात येतात.

नावाचा घोळ हा त्यातला सगळ्यात क्षुल्लक दिसणारा आणि सगळ्यात जास्त अडवणारा प्रकार. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव ‘ज्ञानेश्वर’, दुसरीकडे ‘ज्ञानदेव’. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. माणसाच्या डोळ्याला ही एकच व्यक्ती दिसते, पण पोर्टल अक्षरे जुळवते. दुरुस्ती करून घ्यायला काही आठवडे जातात आणि अर्जाची मुदत तेवढी थांबत नाही.

मग खाते. ‘आधार बँकेला लिंक आहे’ हे वाक्य पालक ठामपणे सांगतात आणि तरीही पैसे येत नाहीत. थेट लाभ हस्तांतराची रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि ती त्या खात्यात जाते, जे खाते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत त्या आधारला जोडलेले आहे. बँका यालाच आधार सीडिंग म्हणतात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झाले असे नाही. शिवाय विद्यार्थ्याने मध्येच दुसऱ्या बँकेत नवीन खाते उघडून तिथे आधार जोडले, तर रक्कम नव्या खात्यात जाते आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी माझे आधार कोणत्या बँकेला सीड आहे’ एवढे विचारले की हा प्रश्न सुटतो. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आणि चालू स्थितीत हवे. शून्य शिल्लक राहून बंद पडलेले खाते हे पैसे अडकण्याचे नेहमीचे कारण आहे.

पोर्टलवरचा अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिथून अर्जाचा प्रवास सुरू होतो. महाविद्यालयाचा कारकून तो तपासतो, प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो पुढे जातो, मग संबंधित विभागाच्या कार्यालयात, म्हणजे समाजकल्याण असेल तर सहायक आयुक्तांकडे, तंत्रशिक्षण असेल तर सहसंचालकांकडे पोहोचतो. यात कुठेही त्रुटी सापडली तर अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. अर्ज नेटकॅफेत भरून घेताना कॅफेवाल्याचाच मोबाइल नंबर टाकला गेला असेल, तर परत आल्याचा संदेश विद्यार्थ्याला कधी कळतच नाही. म्हणून स्वतःचा नंबर, स्वतःचा पासवर्ड एका वहीत लिहिलेला, आणि दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहायची. मंजूर झालेला हप्ता काही वेळा पोर्टलवर ‘रिडीम’ करावा लागतो. अर्ज दरवर्षी करायचा असतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चारही वर्षे आपोआप मिळते, हा समज पुष्कळांना दुसऱ्या वर्षी महागात पडतो. काही योजनांत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते. ती महाविद्यालयात भरायची असते, घरखर्चाला वापरायची नसते, नाहीतर निकाल अडकतो आणि कर्जासारखी थकबाकी उभी राहते.

आता हरकती. पहिली हरकत अशी की, पैसे वर्ष-दीड वर्षाने येतात, मग त्यांचा उपयोग काय? उशीर होतो हे खरे आहे आणि तो शासनाने दूर करायलाच हवा. हप्ते थकले की गरीब विद्यार्थी आणि लहान महाविद्यालय दोघेही अडचणीत येतात. पण उशीर हे अर्ज न करण्याचे कारण होऊ शकत नाही. माफीच्या योजनांत पात्र विद्यार्थिनीकडून माफ झालेले शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिल्या आहेत. खिडकीवर पूर्ण रक्कम मागितली गेली तर ती मागणी लेखी द्यायला सांगावी, शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवावी, आणि तरीही अडवले तर विभागाच्या सहसंचालक कार्यालयाकडे किंवा समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. तोंडी वादापेक्षा एक लेखी अर्ज बहुतेक वेळा लवकर काम करतो. ज्या रकमा खरोखरच उशिरा येतात, त्यांचा हिशेब ‘येणे’ म्हणून करावा आणि पहिल्या वर्षापुरती तेवढी रक्कम हाताशी ठेवण्याची तयारी प्रवेशाआधी करावी. मदतीचा हिशेब आधी करायला हवा, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण.

दुसरी हरकत रोजंदारीवर जगणाऱ्या घरांची आहे आणि ती सगळ्यात गंभीरपणे घ्यायला हवी. तहसीलला पाच खेपा घालायच्या तर पाच दिवसांची मजुरी बुडते, ती कोण देणार? हिशेब करून पाहू. दिवसाचे पाचशे धरले तर पाच खेपांचे अडीच हजार, जाण्या-येण्याचे भाडे धरून साडेतीन हजार. समोर वर्षाला पन्नास हजारांची फीसवलत, आणि ती एकदा मार्गी लागली की पुढची वर्षे नूतनीकरणाची. खेपा महाग आहेत, पण त्या वाचवणे त्याहून जास्त महाग पडते. तरीही हे ओझे विद्यार्थ्याच्या आईबापांवर टाकून मोकळे होणे योग्य नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीच्या वर्गात फेब्रुवारीत एक दिवस कागदपत्रांसाठी ठेवावा, गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी दहा घरांचे अर्ज आपल्या मोबाइलवर भरून द्यावेत. ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत हे काम सहज होऊ शकते आणि त्याला खर्च लागत नाही.

‘आम्ही खुल्या प्रवर्गातले, आम्हाला काय मिळणार’ ही तिसरी हरकत आता वस्तुस्थितीला धरून नाही, हे वरच्या आठ लाखांच्या मर्यादेवरून कळते. मात्र अटी वाचाव्यात. शाहू महाराज योजनेचा लाभ कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना मिळतो आणि अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा खंड चालत नाही.

चौथी हरकत मनातली आहे. दुसऱ्याच्या पैशावर कशाला शिकायचे, आपण आपल्या कष्टाने शिकू. हा बाणा आदराचाच आहे. पण महाराष्ट्राचा शिक्षणाचा इतिहास पाहिला तर मदत घेणे आणि स्वाभिमान यांत विरोध कुठेच दिसत नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी मंजूर केलेल्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या वर्षी सुरू झाली, तेव्हा तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर होते. कोल्हापूरला राजर्षी शाहूंनी जातीजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना रुजवली. तिच्यात विद्यार्थी श्रम करतो आणि शिक्षण घेतो. वार लावून जेवून शिकलेल्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. ती घरे जेवू घालताना आपण उपकार करतो असे मानत नव्हती आणि जेवणारा लाचार होत नव्हता. आजची शिष्यवृत्ती तर कराच्या पैशातून येते, आणि त्या पैशात काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही वाटा आहे. तो परत घेताना संकोच वाटायला नको. संकोच वाटायला हवा तो खोट्या दाखल्याचा. पगार लपवून, शेती दुसऱ्याच्या नावावर दाखवून आठ लाखांच्या आत बसणारे घर नेमक्या त्या मुलाची जागा खाते, ज्याच्याकडे लपवायला काही नाही. पकडले गेले तर रक्कम वसूल होते आणि प्रवेशही जाऊ शकतो. पण तो धोका नसता, तरीही हे चुकीचेच.

पाचवी हरकत: एवढी खटपट करण्यापेक्षा शैक्षणिक कर्ज काढले की झाले. कर्ज वाईट नाही, पण त्याचा हिशेबही आकड्यांतच पाहावा. चार वर्षे दरवर्षी एक लाख, दहा टक्के सरळ व्याज, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष सूट असे धरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. चौदा वर्षांचे व्याज मिळून एक लाख चाळीस हजार होते. पहिला हप्ता सुरू होताना डोक्यावर पाच लाख चाळीस हजार असतात, आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे सात हजार एकशे रुपये. नोकरीच्या पहिल्या पगारातून हे वजा करून पाहा. म्हणून कर्ज सगळ्यात शेवटी, आणि जेवढे कमी पडेल तेवढेच. काढायचेच असेल तर सवलतीसह काढावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, संस्था मान्यताप्राप्त असेल तर, सवलतीच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र सरकार भरते. वरच्या उदाहरणातले एक लाख चाळीस हजार त्यामुळे वाचतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती लागू नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सरकार देते. बँकेत विचारताना ‘एज्युकेशन लोन’ एवढेच न म्हणता या योजनेचे नाव घेऊन विचारावे. व्याजाची सवलत कशी नोंदवायची हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांकडे या सगळ्या चर्चेत दुर्लक्ष होते, कारण त्यांची फी कमी असते. त्यांच्यासाठी केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती महत्त्वाची आहे. बारावीच्या मंडळात आपल्या शाखेत वरच्या वीस शतमकात येणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी अशा ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी आहेत. पुढच्या वर्षी ती चालू राहायला पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तांत्रिक पदविका किंवा पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम, दोन्ही वर्षाला ५० हजारांच्या. मात्र या आणि अशा बऱ्याच योजनांत एकाच वेळी दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणून आधी दोन्हींच्या चार वर्षांच्या रकमा मांडून जी मोठी असेल ती निवडावी, उगाच दोन्हीकडे अर्ज करून दोन्ही अडकवू नयेत. सार्वजनिक संस्थांचाही विचार करावा. पुण्यातली, १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींना अत्यल्प खर्चात वसतिगृह देते. विद्यापीठांमधली ‘कमवा आणि शिका’ योजना आजही चालू आहे आणि तिचे अर्ज महाविद्यालयातच मिळतात. शिष्यवृत्ती मंजूर करून देतो म्हणून आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्या माणसाला मात्र दारातूनच परत पाठवा. कोणत्याही सरकारी शिष्यवृत्तीला अर्जाची फी नसते.

यातले सगळे एका दिवसात करायचे नाही. तुमच्या घरात यंदा कोणी अकरावी-बारावीला असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याची दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा, आणि दोन्हींवरचे नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचा.